उकंडरावांचं बिनचूक दफ्तर

पालिकेची हिशेबतपासणी करायला अकोल्याहून आलेल्या साहेबांनी पहिल्याच सकाळी कामाची आखणी सांगितली. नवा कारकून सुधाकर, त्याच्या जकातीचा एकेक कागद पाहायचा. जुने उकंडराव, त्यांच्या पाणीपट्टीवर नुसती सही करायची.

"काऊन साहेब? मायं दफ्तर काऊन नाही पाहात?"

"तुमचं काय पाहायचं, उकंडराव? तुमची चूक कधी निघालीय का?"

मग साहेबांची खुर्ची जी सुधाकरच्या टेबलाला चिकटली ती सुटेचना. चहा तिथंच, पान तिथंच, एकेक चूक सापडली की हसणंखिदळणंही तिथंच. त्या वेंधळ्याचे हे लाड पाहून उकंडरावांचा जळफळाट झाला. त्यांनी पाणीपट्टीच्या बेरजेत मुद्दाम एक रुपया वाढवला आणि दफ्तर साहेबांपुढे उघडून धरलं.

"एक डाव पाहून तर घ्या, साहेब. वय झालं, हात चुकते आता."

"तुमचा? शक्यच नाही!" म्हणत साहेबांनी न पाहताच सही ठोकली आणि ते पुन्हा सुधाकरकडे वळले.

उकंडरावांच्या जन्मभराच्या नोकरीतली एकुलती एक चूक आता सरकारी सहीनं बरोबर ठरली होती.