उंच हरभरा

संशोधन केंद्राच्या शेतावर गोजरबाई रोजंदारीवर हरभऱ्याचा संकर करायची. एका वाणाच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढून दुसऱ्याचे पराग लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या हातच्या कळ्यांतूनच पुढे उंच, ताठ वाढणारा नवा वाण निघाला. यंदा त्या वाणाला बक्षीस मिळालं, तेव्हा साहेबांनी तिचंही नाव घेतलं. ते सांगायला ती हरखून राहात्याला लेकीकडे गेली. लेक सोंगणीच्या टोळीत जायची, पण ऐन सुगीत ती घरीच बसलेली.

“कामाला न्हाई गेलीस, शकू?”

शकूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या आवाजात राग नव्हता.

“आये, औंदा समद्यांनी तुजाच हरभरा पेरलाय. हार्वेस्टर येतं, उभ्या उभ्या काढून जातं. आमाला वाकायचं कामच राह्यलं न्हाई.”