पाळीवरचा वाटा

“तो ढीग उचला तिथून. फ्रेममध्ये येतोय.” प्रफुल तिसऱ्यांदा भोंग्यावरून ओरडला. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, कोणी हललं नाही.

उजेड उतरत चालला होता. मूल शहराजवळच्या या गावात सगळं गाव मिळून तलावात जाळं ओढतं ते वर्षातून एकदाच. मग प्रत्येक घरामागे पळसाच्या पानांवर मासळीचा एक वाटा पडतो. लोक आपापला वाटा उचलून जातात आणि पाळ रिकामी उरते, हा प्रफुलच्या सिनेमाचा शेवट होता. त्याचा पहिला सिनेमा. आज शॉट मिळाला नाही तर निर्माता वर्षभर थांबणार नव्हता, आणि प्रफुलला पुन्हा सासू-सुनांकडे जावं लागलं असतं. सोळा वर्षं त्याने मालिकांतल्या बायकांना जिन्यावरून पाडलं होतं. त्याचा जीव अगदी विटला होता.

सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. त्याला कारण नुसता शॉट नव्हता. हे गाव नकाशात सापडलं, असं त्याने युनिटला ठोकून दिलं होतं. जन्मला तो इथेच. बारा वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा मालिकेच्या दोन तासांच्या खास भागाचं शूटिंग चालू होतं. तो आला नाही, आणि पुढे यायला तोंड उरलं नाही. घराला कुलूप लागलं. त्या गल्लीत त्याने कॅमेराही नेऊ दिला नव्हता. आता दाढी होती, गॉगल होता, ‘पी. के. सर’ हे नाव होतं. चार दिवसांत कोणी ओळखलं नाही म्हणून त्याला हायसं वाटत होतं. वाईटही वाटत होतं.

एव्हाना सगळे वाटे उचलून झाले होते. पाळीच्या टोकाला तेवढा एक ढीग उरला होता, नेमका कॅमेऱ्यासमोर. गावातला म्हातारा डोमा ओलं जाळं खांद्यावर टाकून खाली आला.

“सायेब, तो बंद घराचा वाटा आहे. दार बंद असलं तरी वाटा पडते. दुसरा कोनी त्याले हात लावत नाई.”

“मग ज्याचा आहे त्याला बोलवा ना. माझा उजेड चाललाय.”

डोमाने खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं.

“बारा वर्सं झाली, बोलवूनच राह्यलो, प्रफुल.”