फाटकावरची झडती

“मुंगूसच,” जाळीजवळ पडलेली चार तांबूस पिसं उचलून साहेब म्हणाले. “पण तुला सांगून काय उपयोग?”

“तुम्ही म्हणताय म्हणजे मुंगूसच,” बायको म्हणाली आणि कोंबड्यांचं पाणी बदलायला वळली.

चौदा कोंबड्यांपैकी ही पाचवी. साहेब म्हणजे कारखान्याच्या फाटकावरचे निवृत्त सुरक्षा अधिकारी. तीस वर्षांत आपल्या फाटकातून खिळासुद्धा बाहेर गेला नाही, हे ते अनोळखी माणसालाही थांबवून ऐकवत. आणि आता त्यांच्याच परसातून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एक कोंबडी नाहीशी होत होती. सगळी गल्ली गालातल्या गालात हसत होती.

शेजारच्या शिंप्याने कुंपणावरून डोकं वर काढलं. “साहेब, रक्ताचा थेंब नाही कुठे. मुंगूस असतं तर जागेवरच नरडं फोडलं असतं ना?”

“तू आपली काजं कर. उंटावरचा शहाणा!”

डोकं खाली गेलं. साहेबांच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची होती, चोर आणि मूर्ख. शिंपी मूर्खांत जमा होता. बायको तर लग्नाच्या दिवसापासून तिथेच होती. चोरांत पहिला नंबर पोटच्या मुलीचा.

पाच वर्षांपूर्वी तिने एका टेम्पोवाल्याशी लग्न केलं. त्या दिवशी साहेबांनी दारात उभं राहून बजावलं होतं, या घरातला दाणासुद्धा त्या घरात जाणार नाही. पुढे टेम्पोवाल्याचा अपघात झाला, पाय गेला, काम सुटलं. हे कानावर आलं तेव्हा बायकोने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

“भिकेचे डोहाळे लागले होते ना? भोगू दे,” साहेब म्हणाले. मुलगी आता राहते कुठे, हेही त्यांनी विचारलं नाही.

तेव्हापासून बायको बाहेर निघाली की साहेब फाटकाशी तिची झडती घेत. भाजीच्या रिकाम्या पिशवीतही हात घालून अस्तर चाचपत. ती मुकाट्याने उभी राही. शेजारीपाजारी बघतात, लाज वाटते, असं ती एकदाच म्हणाली होती.

“लाज चोराला वाटते,” साहेब म्हणाले होते.

मुंगसासाठी सापळा लावला. त्यात शिंप्याचं मांजर अडकलं. ते सोडवायला आलेल्या शिंप्यालाच साहेबांनी फैलावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात सहावी कोंबडी गेली. जाळीखाली फरश्या बसवल्या, तर सातवी गेली. शेवटी साहेबांनी खुराड्याला लोखंडी दार केलं, कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. कोंबड्या आता दिवसाही आत. दार उघडायचं ते फक्त रविवारी सकाळी, साफसफाईपुरतं, तेही साहेबांच्या देखरेखीखाली.

रविवारी बायको फावडं आणि पोतं घेऊन आत शिरली. साहेब दाराशी, नाकाला रुमाल लावून, पाठ फिरवून उभे राहिले. तिने शिट आणि भुसा पोत्यात भरला, तोंड सुतळीने बांधलं आणि पोतं उचलून स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधलं. असल्या घाणीला साहेब बोटही लावत नसत.

“सावकाश चालवा,” ती म्हणाली. “पोतं फाटलं तर कपडे खराब होतील.”

“मला शिकवू नकोस.”

पोतं जायचं शहराबाहेरच्या रोपवाटिकेत. त्या बदल्यात मिरची-वांग्याची रोपं मिळत. काम हलकंच, पण रोपवाटिकेचा मालक साहेबांना बघताच उठून खुर्ची देई, चहा मागवी आणि फाटकाच्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐके. तोवर माळी पोतं मागे घेऊन जाई.

“हळू ने रे, साहेबांचं खत आहे!” मालक ओरडे. कोंबडीच्या खताला एवढा मान देणारा हा माणूस साहेबांच्या मते शुद्ध बैल होता. पण बैलाला माणसांची पारख होती.

त्या संध्याकाळी साहेबांनी कोंबड्या मोजल्या. सात हव्या होत्या, सहा भरल्या. कुलूप जसंच्या तसं, फरश्या जागच्या जागी, कोपऱ्यात चार पिसं. साहेबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

“साप आहे,” ते म्हणाले. “फटीतून शिरतो.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे सापच,” बायको म्हणाली.

आठवडाभर साहेब सिमेंटने फटी बुजवत बसले. मुंगी शिरायलाही जागा उरली नाही, तेव्हा शिंप्याला बोलावून त्यांनी सगळं दाखवलं. “आता एक जरी गेली, तर तीस वर्षं मी फुकटचा पगार खाल्ला म्हणेन.”

शिंप्याने मान डोलावली.

पुढच्या रविवारी रोपवाटिकेत मालकही नव्हता आणि माळीही. साहेबांनी चारदा हॉर्न वाजवला. ना खुर्ची, ना चहा. ही काय रीत झाली? चरफडत त्यांनी स्कूटर पहिल्यांदाच मागच्या बाजूला वळवली. तिथे पत्र्याची एक खोली होती, समोर वाळत घातलेले कपडे होते. साहेबांनी दोन बोटांनी पोतं ओढून कसंबसं जमिनीवर ठेवलं आणि कुणी हात धुवायला पाणी देतंय का बघू लागले.

खोलीतून चारेक वर्षांची एक मुलगी धावत आली. साहेबांकडे बघून हसली आणि सराईतपणे सुतळी ओढून तिने पोत्याचं तोंड मोकळं केलं. भुशात हात घालून भोकं पाडलेलं एक खोकं बाहेर काढलं. त्याचं झाकण उचलून आत डोकावली.

“आई, तुझे बाबा आले!” ती खोलीकडे बघून ओरडली. “आज काळी कोंबडी आणलीय!”