फुआतिनोची चटई

"तो आता यायचा नाही," मातायोची बहीण लागी म्हणाली. "मतदान झालं, काम संपलं. आता कशाला मयताला येतोय?"

अंगणात बसलेले सगळे हसले. मयताच्या घरी हसू नये, पण फेरेतीचं नाव निघालं की सावाई बेटावर कुणालाही हसू फुटायचं. बेटावर कुठंही कुणी वारलं की फेरेती हजर. पांढरा सदरा, काळी लुंगी, गाडीत त्या घरी द्यायला मासळीच्या डब्यांची खोकी. लोक म्हणायचे, आजारी माणसाला डॉक्टरच्या आधी फेरेतीची गाडी दिसते. त्याला मंत्री व्हायचं होतं, आणि ते तो लपवतही नसे.

मातायो हसला नाही. भिंती नसलेल्या उघड्या घरात, खांबांच्या मधोमध, तो बायकोच्या उशाशी बसला होता. फुआतिनोला पांढरे कपडे घातले होते. दुपारी तिला घरासमोरच पुरायचं होतं.

फेरेती मातायोच्याच पक्षाचा. पक्ष निघाला तेव्हापासून मातायोचं मत पक्षाला, आणि मातायोचं ठरलं की साऱ्या कुटुंबाचं ठरलं. या खेपेला मात्र पक्षाचेच दोन जण उभे राहिले, म्हातारा पेनितितो आणि फेरेती. मातायोनं सगळ्यांना बसवून सांगितलं, पेनितितो.

"का?" फुआतिनोनं विचारलं होतं. "पोरगा कामाचा आहे."

"मयतावर मतं गोळा करणारा मला नको. आहेराच्या चटया उलगडल्या की पुढं होऊन कोपरे चाचपतो. कुणी किती भारी दिली, त्याचा हिशेब ठेवत असणार. उद्या तू गेलीस तर तुझ्याही उशाशी येऊन बसेल."

"बसू दे की. तू तर नुसता रडत राहशील. कुणीतरी कामाचं यायला हवं."

पेनितितो थोडक्या मतांनी निवडून आला. फेरेती पडला. मग दोन आठवड्यांत फुआतिनो गेली. छातीचं दुखणं जुनंच होतं.

फाटकाशी गाडी थांबली. अंगणातल्या माना वळल्या. फेरेती उतरला. बरोबर त्याची म्हातारी आई होती. खोकी नव्हती. आईच्या हातात चटईची एक घडी होती. घरातल्या दोन बायका पुढं झाल्या आणि रीतीप्रमाणे त्यांनी चटई सगळ्यांसमोर उलगडून धरली. केतकीच्या बारीक पात्यांची, कापडासारखी मऊ, मानाची चटई. पण जुनी. काठाची लाल पिसं विटली होती.

"पडल्यावर नवी कशाला आणेल मेला!" लागी पुटपुटली.

मातायो उठला. चटईपाशी गेला. एका कोपऱ्यावर त्यानं बोट फिरवलं आणि ते तिथंच थांबलं.

तिथं पेराएवढं भोक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कंदिलाची ठिणगी पडून झालेलं. फुआतिनोनं ते असं विणून बुजवलं होतं की डोळ्यांना दिसू नये, फक्त बोटाला कळावं. चटई तिच्या आईनं सुरू केली होती, तिनं पुरी केली होती. मातायोच्या धाकट्या भावाच्या लग्नात घरातून आहेर द्यायची वेळ आली, तेव्हा तिनं मुकाट्यानं ती काढून दिली. मग चटई लग्नातून मयतात, मयतातून लग्नात फिरत गेली. मानाच्या चटया अशाच फिरतात. गेली की गेली.

"कुठं मिळाली तुला?"

"फालेआलुपो गावात, काका. एका आजींच्या मयतात. त्यांच्या मुलांच्या हातापाया पडलो. माझ्या आईच्या दोन नव्या चटया दिल्या, तेव्हा सुटली."

"आणि ही शोध, असं तुला सांगितलं कुणी?"

"काकूंनी." फेरेतीनं फुआतिनोकडं पाहिलं. "तीन वर्षं झाली. म्हणाल्या, 'तू सगळ्यांच्या मयताला जातोस. साऱ्या बेटाच्या चटया तुझ्या हाताखालून जातात. कोपरे चाचपून बघ, माझी सापडते का. मला तिच्यातच जायचंय.'"

मातायोनं बुजवलेल्या भोकावरून पुन्हा बोट फिरवलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तेही विचारलं होतं मी. म्हणाल्या, 'मी जिवंत असताना आणलीस तर आमचा म्हातारा लाच म्हणेल. मेल्यावर आणलीस तर आहेर म्हणेल.'"

मातायोला हसू आलं. फुआतिनो गेल्यापासून पहिल्यांदाच. ते हसू अर्ध्यात मोडलं आणि त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग त्यानं चटईचं एक टोक धरलं. दुसरं फेरेतीनं धरलं. दोघांनी मिळून ती फुआतिनोच्या अंगावर पांघरली, बुजवलेला कोपरा तिच्या हाताखाली येईल अशी.

"मंत्री व्हायचंय अजून?" खाली वाकल्या वाकल्या मातायोनं विचारलं.

"व्हायचंय की."

"ही सापडली कधी?"

"नाताळच्या आधी."

"मतदान तर त्यानंतर, ईस्टरच्या सुमाराला झालं."

"हो, काका."

मातायोनं मान वर करून अंगणात पाहिलं. भाऊ, पुतणे, सुना, जावई, लागी, लागीची मुलं. फेरेती जितक्या मतांनी पडला होता, त्याहून जास्त माणसं तिथं बसली होती, आणि ती सगळी मातायोच्याच घरची होती.