गोंगाट

पोलीस चौकशीला मी एकटाच उरलो. आमच्या बँडचे गिटारवाला आणि ड्रमर माफीनामा लिहून मोकळे झाले होते. पंक संगीताचा गोंगाट त्यांचा, रॅपचे शब्द माझे. त्या गोंगाटात सरकारविरुद्धचा माझा एकही शब्द कुणाला कधी कळला नाही. लोक नुसत्या उड्या मारायचे. कोपऱ्यातल्या कारकुनाने मात्र पुराव्यासाठी आमचं गाणं चाळीसदा ऐकून सात पानांवर उतरवलं होतं. हेडफोन अजून त्याच्या गळ्यातच होता. "तूच लिहिलंस ना? म्हणून दाखव," साहेब म्हणाले. गिटारीशिवाय म्हणताना चौथ्या ओळीवर मी अडलो. साहेब हसले. "पाठ नाही, आणि म्हणे सरकार पाडणार!" तेवढ्यात, मान खाली ठेवूनच, कारकून पुढची ओळ म्हणाला. अगदी तालात. साहेब त्याच्याकडे वळणार, तोच मी टेबल बडवत बेंबीच्या देठापासून ओरडू लागलो. माझ्याबरोबर कुणीतरी पहिल्यांदाच गात होतं, आणि मलाच त्याचा आवाज बुडवावा लागला.