एम्बसीचा माणूस

"आये, तू मला वळखतेस का?"

फोन कानाला तसाच धरून हंसा ओट्यावर उभी राहिली. हाताला बोंबलांचा ओला वास. सुजीत असा कधी बोलला नव्हता.

"काय बोलतोस मेल्या? उन्हानं डोकं फिरलं का?"

"एम्बसीनं कागद दाखवला. गावात माझी चौकशी झाली म्हणे. या नावाचा माणूस त्या पत्त्यावर नाय, असं आपल्या दांडीवरनंच कळवलंय. माझा अर्ज बंद केला, आये."

बहरीनला तो ज्या बोटीवर खलाशी होता, तिचा मालक सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन पळाला होता. परत यायला आता एकच वाट उरली होती, ती म्हणजे एम्बसीचा तात्पुरता दाखला. त्यासाठी हा पोरगा खरोखर दांडीचा आहे, एवढंच गावाकडून कळायला हवं होतं.

"घरी चौकशीला येतील," असं सुजीतनं दीड महिन्यापूर्वी सांगितलं, तेव्हापासून हंसा एम्बसीच्या माणसाची वाट बघत होती. तो दिल्लीहून येणार, गाडीतून येणार, पायात चकचकीत बूट असणार, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सुजीतचा पाळण्यातला फोटो, सगळं एका पिशवीत भरून तयार. खुर्चीवर धुतलेली चादर. तिनं बाजाराला जाणंसुद्धा सोडलं होतं. गाडी काही आली नाही. मग 'नाय' म्हणालं कोण?

कुंपणावरून ज्याच्याशी भांडण होतं, त्या शेजारच्या कमलेशच्या दारात ती जाऊन उभी राहिली.

"माझ्या पोराच्या जिवावर उठलास रे मुडद्या!"

"काकी, आईशप्पथ, माझ्या दारात एम्बसीचं कुत्रंपण आलं नाय," कमलेश म्हणाला. "आणि मी कशाला 'नाय' म्हणू? कुंपण तुझ्याशी हाय. सुजीतशी नाय."

हे पटण्यासारखं होतं. दांडीची माणसं आपल्या माणसाला सोडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी नव्या जेटीविरुद्ध मोर्चा निघाला आणि नुसत्या घोषणा देणाऱ्यांच्या नावानंही नोटिसा निघाल्या, तेव्हा गावकीनं बैठकीत ठरवलं होतं. खाकी दिसली की कोणी कोणाला ओळखायचं नाही. नाव कोणाचंही विचारोत, उत्तर एकच: 'नाय वळखत. दर्याला इचारा.' पोलीस हात हलवत परत जायचे. पोरं वाचली ती बायकांच्या या तोंडामुळं, आणि त्यात हंसाचं तोंड सगळ्यात पुढं.

दुसऱ्या दिवशी लेकीला, रुचिताला, घेऊन तिनं पालघरचं कलेक्टर ऑफिस गाठलं. पहिली खिडकी म्हणाली, ऑनलाइन करा. दुसरी म्हणाली, परदेशाचं इथं नाही. तिसरी जेवायला गेली होती ती आलीच नाही. बहरीनची एम्बसी, दिल्लीचं खातं, मुंबईचं ऑफिस, कोण कोणाला लिहितं आणि कोण कोणाचं ऐकतं, हंसाला काही उमजेना. खिडकीमागच्यांनाही उमजत नव्हतं. फरक एवढाच, की त्यांचं कोणी तिकडं अडकलं नव्हतं.

शेवटी एका शिपायाला दया आली. "मावशी, दिल्लीचा माणूस कशाला येतोय? तिकडचा कागद फिरत फिरत तुमच्याच पोलीस ठाण्यात येतो. तिथं विचारा."

ठाण्यातल्या हवालदारानं फाइल काढली. हंसा पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"रेतीतून मोटरसायकल ढकलत ते घर शोधलं मी," तो कुरकुरला आणि वाचू लागला. "'घरी हजर महिलेने सदर इसमास ओळखत नाही, दर्याला विचारा, असे उद्धटपणे सांगितले.'"

रुचितानं आईकडे बघितलं.

हंसाला त्या दिवशीची ती स्वतःच पाठमोरी दिसली. ती वाळत घातलेले बोंबील उलटे करत होती. मागं मोटरसायकल थांबली होती. वळून बघितलं तर खाकी पँट. त्यानं पुरतं नाव घ्यायच्या आतच तिनं त्याला दर्या दाखवला होता. तो जावा म्हणून पुढं केलेल्या कागदावर सहीसुद्धा दिली होती. मग आत जाऊन तिनं खुर्चीवरची चादर पुन्हा सारखी केली होती.

हवालदारानं फाइल तिच्याकडे फिरवली. तळाला बचत गटात शिकलेली सही होती, शेवटचा काना लांबलचक ओढलेला.

"ही सही कोणाची? ओळखता का?"

रुचिताच्या हातातला फोन थरथरायला लागला. सुजीतचा होता.

"वळखते," हंसा म्हणाली. खाकीसमोर हा शब्द तिच्या तोंडून दोन वर्षांत पहिल्यांदाच निघाला होता.