पाणी घातलेलं टिंचर

आबासाहेब दवाखान्यात शिरले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. शहादेव पायाकडे बघतोय म्हटल्यावर त्यांचंही लक्ष गेलं. सकाळपासून पाण्याच्या टँकरच्या मागं फिरतोय, पडली असेल कुठंतरी, असं म्हणून ते बाकावर बसले आणि डावा पाय पुढं केला.

अंगठ्याखालची जखम पंधरा दिवस झाले तरी भरत नव्हती. शहादेवनं ती धुतली, कोरडी केली आणि कडेनं टिंचर लावलं. बोळा जखमेच्या तोंडाला लागला. आबासाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"शहादेव, हे झोंबत न्हाई," ते म्हणाले. "मागल्या खेपेलाबी झोंबलं न्हाई. टिंचर हाय का पाणी?"

आबासाहेब दिंद्रुड रस्त्यावरच्या कापसाच्या सहकारी जिनिंगचे चेअरमन. शहादेव तिथल्या दवाखान्याचा कंपाउंडर, त्याच्या बौद्धवाड्यातला पहिला पगारदार. अंबाजोगाईहून डॉक्टर देशमाने फक्त शनिवारी येत. बाकीचे दिवस सरकीच्या धुळीनं खोकणारे आणि यंत्रात बोटं चेचलेले कामगार शहादेवच्याच हवाली असत.

त्यानं बाटली दाखवली, तारीख दाखवली. आबासाहेबांनी तिकडं पाहिलंही नाही. शनिवारी डॉक्टरासमोर आणि संचालकांसमोर काय ते होऊन जाऊ दे, एवढं बोलून ते तसेच एका चपलेवर निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी आवारात बोलणं सुरू झालं. झाडलोट करणाऱ्या चंद्रभागाबाईनं चेअरमनला सांगितलं होतं, की कंपाउंडर औषधात पाणी ओततो, तिनं डोळ्यानं पाहिलंय.

ते खोटं नव्हतं. जखम धुवायचं औषध तसंच लावलं तर कातडी भाजते. त्यात मापानं पाणी घालावंच लागतं, तेही उकळून गार केलेलं. टँकर चौथ्या दिवशी यायचा, तेव्हा शहादेव घरच्या घागरीतलं तांब्याभर पाणी बाजूला काढून उकळून आणायचा. पण टिंचरमध्ये त्यानं कधी थेंब घातला नव्हता. हा फरक ऐकून घ्यायला कोणी थांबत नव्हतं.

चंद्रभागाबाईचा राग वेगळाच होता. नातीला दात येत होते, रडरड चालली होती. हिरड्यांना चोळायला तिनं बधिर करायचं मलम मागितलं होतं. शहादेवनं दिलं नाही. तान्ह्या लेकरानं ते गिळलं तर झटके येतात, श्वास अडतो, त्यापेक्षा गार पाण्यात भिजवलेलं फडकं चावायला दे, असं त्यानं सांगितलं होतं. मोठ्यांच्या लेकराला दिलं असतं, आमच्याच लेकराला न्हाई, असं ती पुटपुटत गेली होती.

शहादेवचं कामात लक्ष लागेना. त्यानं दुपारभरात तीनदा कपाट उघडलं. बधिर करायच्या औषधाची बाटली टिंचरच्या शेजारीच होती, तशीच तपकिरी. चुकून ती तर हाताला लागली नसेल? त्यानं वास घेतला, बाटलीवरची चिठ्ठी वाचली. शेवटी आपल्या बोटाच्या चिरेवर टिंचर लावून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. पण सांगणार कुणाला? बोट त्याचं, बाटलीही त्याच्याच ताब्यातली.

घरी त्याच्या बायकोनं, सिंधुबाईनं, वेगळंच सांगितलं. चेअरमनच्या मेव्हण्याचा पुतण्या कंपाउंडरची परीक्षा पास होऊन बसलाय, हे तिनं टँकरच्या रांगेत ऐकलं होतं.

"त्यांना तुमची जागा पाहिजे," ती म्हणाली. "टिंचर नुसतं निमित्त हाय."

मग शहादेवला सगळं लख्ख दिसलं. मोठा माणूस दात आवळून टिंचर सहन करतो आणि झोंबलं नाही म्हणतो. एवढंच करायचं, की दुसऱ्याची भाकरी जाते. शनिवारपर्यंत त्याच्या मनातला आबासाहेब रोज थोडा थोडा काळा होत गेला.

शनिवारी दवाखान्यापुढच्या पत्र्याखाली पाच संचालक बसले. चंद्रभागाबाई खांबाला टेकून उभी होती. देशमाने डॉक्टरांनी बाटली उन्हात धरली, हुंगली. मग आपल्याच नखाशेजारी सोललेल्या कातडीवर एक थेंब सोडला आणि लगेच हात झटकला.

"टिंचर चोख आहे," ते म्हणाले. धुवायच्या औषधात पाणी का घालतात, हेही त्यांनी संचालकांना दोन वाक्यांत सांगितलं. चंद्रभागाबाईनं मान खाली घातली.

शहादेवच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं पहिल्यांदाच आबासाहेबांच्या डोळ्याला डोळा दिला.

आबासाहेब उठून पुढं आले. "म्हंजे मी खोटं बोलतो?" त्यांनी शांतपणे विचारलं आणि पाय बाकावर ठेवला. "लावा. सगळ्यांदेखत लावा."

डॉक्टरांनी बोळा जखमेवरच दाबला. संचालक पुढं वाकले. आबासाहेब तसेच बसून राहिले. शहादेवला वाटलं, काय सोंग हे.

डॉक्टरांनी मात्र बोळा बाजूला ठेवला. त्यांनी तळवा वर करून नीट पाहिला, पोटरीवर बोट फिरवलं, मग पिशवीतून नवी सुई काढली. आबासाहेबांना डोळे मिटायला सांगितले. सुई टोचेल तेव्हा नुसतं 'हां' म्हणायचं, एवढंच. शहादेवला त्यांनी टाच धरायला लावली.

आबासाहेबांनी डोळे घट्ट मिटले. शहादेवनं दोन्ही हातांत टाच धरली. डॉक्टर खाली वाकले. पत्र्याखाली कोणी हलेना. अंगठ्यातून, चवड्यातून आणि टाचेच्या कडेतून निघालेले रक्ताचे तीन थेंब शहादेवच्या बोटांवर उतरले.

"टोचा की डॉक्टर," आबासाहेब म्हणाले. "कावून थांबलात?"